किलोमीटर नव्हे, चढ मोजा! गर्भगिरीत सायकलचा अवघड मार्ग कसा आखायचा?

तिसगाव, मढी, मायंबा, वृद्धेश्वर आणि परत तिसगाव. मोबाइलच्या नकाशावर ही ठिकाणे जोडली की चाळीस किलोमीटरच्या आतली फेरी दिसते. गिअरची, जाड टायरची माउंटन बाइक असलेल्याला वाटते, दोन-अडीच तासांचे काम. पण या फेरीचा मोठा भाग गर्भगिरीच्या, म्हणजे बालाघाट रांगेच्या डोंगरातून जातो. इथे अंतरावरून वेळ ठरवली तर डोंगरातच अंधार पडतो. ऑक्टोबर २०२० मध्ये याच मढी-केळवंडी परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलांचे जीव गेले. त्यामुळे उजेड असताना खाली उतरणे ही मार्ग आखतानाची पहिली अट आहे.

उंची वेगळी, चढ वेगळा

या खेळासाठी स्कॉटलंडचे डोंगर जगभर नावाजलेले आहेत. तिथले सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटर, तर आपल्याच जिल्ह्यातले कळसूबाई १,६४६ मीटर. मग आपले डोंगर जास्त अवघड का? तसे नाही. बेन नेव्हिसचा पायथा जवळजवळ समुद्राच्या पातळीला आहे, आपला पायथा मुळातच पठारावर. म्हणून शिखराचा आकडा सोडून द्या आणि दिवसभरात एकूण किती मीटर चढायचे ते काढा. मधे उतरून पुन्हा चढलात तर तोही चढ बेरजेत धरायचा.

हे काढायला भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा उत्तम. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर आणि दोन समोच्च रेषांमधला फरक २० मीटर. चढताना ३५ रेषा ओलांडल्या तर चढ झाला ७०० मीटर.

आता वेळ. सायकलस्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. सराव असलेला माणूस बराच वेळ १५० वॉट ताकद लावू शकतो. या हिशेबाने तो तासाला साधारण ६५० मीटर चढायला हवा. पण खडी, मुरूम आणि घसरणारे चाक यांत बरीच ताकद वाया जाते. ताशी ४०० मीटर धरलेले बरे. म्हणजे ७०० मीटर चढाला पावणेदोन तास. उरलेल्या २५ किलोमीटरला ताशी १२ च्या वेगाने दोन तास. ढकलत न्यायच्या वाटेला पाऊण तास. पाणी, पंक्चर, विश्रांतीला एक तास. झाले साडेपाच तास, आणि त्यावर तिसरा हिस्सा राखीव. सकाळी सातला निघालात तर दुपारी अडीच. (हे आकडे उदाहरणादाखल आहेत, स्वतःच्या मार्गाचे स्वतः काढा.)

सायकल हातात धरून चालायच्या टप्प्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ सालचा नियम आजही कामी येतो: पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा नियम रिकाम्या हाताने चालणाऱ्यासाठी आहे. सोबत सायकल असेल तर वेळ वाढवा.

सरासरी फसवते

आपला डोंगर बेसॉल्टच्या थरांचा. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून सपाटी होते. त्यामुळे चढ एकसारखा नसतो; पायऱ्या असतात. नकाशात रेषा जिथे एकमेकींना चिकटल्या आहेत तिथे सायकल खांद्यावरच घ्यावी लागणार, मग पूर्ण वाटेची सरासरी कितीही सौम्य दिसो. मढीची यात्रा गाढवांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. ओझ्याचे जनावर उभ्या चढाला थेट भिडत नाही, वळसे घेत चढते. सायकलसाठीही तशीच वळणाची वाट शोधा.

उतारावरचा खरा धोका कुठल्याही ॲपमध्ये सापडत नाही: सलग समतल चर. पाणी अडवण्यासाठी डोंगरउतारावर आडवे खोदलेले हे चर पावसाळ्यानंतर गवतात झाकले जातात. वेगात आलेले पुढचे चाक त्यात अडकले तर माणूस हँडलवरून फेकला जातो. अनोळखी उतार आधी पायी पाहून घ्या.

सराटे आणि बाभळीचे काटे तर विचारूच नका. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट भरा, तरीही दोन ट्यूब सोबत असू द्या. महागड्या सायकलींना बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असतो, त्याला हायवेवरच्या पंक्चरवाल्याचा पाइप बसत नाही. पाच-पन्नास रुपयांचा अडॅप्टर खिशात ठेवला तर पायपीट वाचते.

वाट कोणाची?

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक माळरान-डोंगरांवर सायकल नेण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे तसा सरसकट हक्क नाही. वनजमिनीसाठी तिसगावच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा. मायंबा सावरगावचे, म्हणजे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले. तिथले वन खाते वेगळे. बांधावरून जायचे असेल तर शेतमालकाला विचारून जा. ज्वारी उभी असताना तर हे हवेच.

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस काळ्या रानात शिरू नका, चाक फिरणारच नाही. होळी ते गुढीपाडवा मढीची यात्रा आणि महाशिवरात्रीला वृद्धेश्वरची गर्दी, हे दिवस टाळा. पाणी माणशी चार लिटर. एकटे जाऊ नका. घरी मार्ग आणि परतीची वेळ लिहून ठेवा. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक जवळ असू द्या. डोंगरात रेंजचा भरवसा नाही, म्हणून नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्या.

परत फिरण्याची वेळही घरूनच ठरवा. डिसेंबरात इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी बारापर्यंत मायंबा गाठले नाही तर वृद्धेश्वरचा टप्पा सोडा आणि आलात त्याच रस्त्याने मढीला उतरा.