उतरायचं ते एकदाच

अमरावतीच्या बेलोरा विमानतळाची धावपट्टी १८५० मीटर लांब. १६ एप्रिल २०२५ रोजी तिथून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. उतरताना वारा आडवा आला, अंदाज चुकला, तर वैमानिक इंजिनाचा जोर वाढवतो, नाक उचलतो आणि एक फेरी मारून पुन्हा येतो.

अंतराळातून पंखांवर परतणाऱ्या यानाला ती फेरी नाही.

अमेरिकेच्या स्पेस शटलची इंजिनं उतरताना बंदच असत. सुमारे शंभर टनांचं ते धूड निव्वळ तरंगत येई. तरंगत म्हणणंही जास्तच, कारण प्रवासी विमान ३ अंशांच्या उतारानं खाली येतं, तर शटल जवळपास २० अंशांनी. चाकं टेकताना वेग ताशी ३५० किलोमीटरच्या आसपास. त्याच्यासाठी फ्लोरिडात बांधलेली धावपट्टी साडेचार किलोमीटरची, म्हणजे जवळपास अडीच बेलोरा. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढावी म्हणून वर्षानुवर्षं झगडणाऱ्यांना या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको.

शटल निदान उडालं. बोइंगचं 'डायना-सोर' मात्र पुरतं बांधूनही झालं नाही. एका वैमानिकाचं हे यान. परतीच्या तापात रबरी टायर टिकणार नाहीत, म्हणून चाकांऐवजी तारेच्या ब्रशांवर घसरत थांबायचं ठरलं होतं! सुरुवातीला निवडलेल्या वैमानिकांत नील आर्मस्ट्राँगही होते. डिसेंबर १९६३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. युरोपच्या 'हर्मिस' यानाचं दुखणं वजनाचं. १९८६ च्या चॅलेंजर शटलच्या अपघातानंतर अंतराळवीरांच्या सुटकेची सोय वाढवली, वजन चढत गेलं, माणसं तीनवर आली आणि १९९२ मध्ये कामच थांबलं.

कल्पनेत खोट नव्हती, पंखच महाग पडतात. वर जाताना ते रॉकेटच्या खांद्यावरचं ओझं. त्यांचा उपयोग परतीच्या शेवटच्या टप्प्यात, आणि त्याआधी वातावरणात शिरताना त्यांच्या कडा सुमारे १६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. 'कोलंबिया' या शटलच्या डाव्या पंखाच्या कडेवर उड्डाणावेळी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा आदळून भोक पडलं होतं. १ फेब्रुवारी २००३ रोजी, उतरायला सोळा मिनिटं उरली असताना, कल्पना चावला यांच्यासह सात जणांना आपण गमावलं.

भारतानं माणसासाठी पंख निवडले नाहीत. गगनयानाची कुपी पॅराशूटनं समुद्रात उतरणार आहे. पण पंखांचा अभ्यास इस्रोनं सोडलेला नाही. २३ जून २०२४ रोजी चित्रदुर्गजवळ चिनूक हेलिकॉप्टरनं 'पुष्पक' हे पंखांचं यान साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलं, तेही मुद्दाम ५०० मीटर बाजूला. आत माणूस नव्हता. यानानं स्वतःच वाट दुरुस्त केली आणि ताशी ३२० किलोमीटरहून अधिक वेगानं ते धावपट्टीच्या मध्यरेषेवर उतरलं.

अशा यानात माणूस कसा बसेल, हा अभ्यास विद्यार्थीही करू शकतात. १९९० मध्ये 'एचएल-२०' या न उडालेल्या यानाची पूर्णाकृती प्रतिकृती नासासाठी उत्तर कॅरोलिनातल्या विद्यार्थ्यांनी बांधली. माणसं आत कशी बसतील, बाहेर कशी पडतील, हे त्यात प्रत्यक्ष बसून तपासलं गेलं. त्याच घडणीतून पुढे 'ड्रीम चेसर' हे यान आकाराला आलं. बडनेरा, शेगाव, अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांना असं काम झेपण्यासारखं आहे. प्राध्यापकांनी त्यांच्या हाती 'पुष्पक'चा आराखडा द्यावा आणि त्यात माणसाची जागा कुठे बसते, ते शोधायला सांगावं.