विश्लेषण : मैदान नसलेला गोल्फ क्लब कसा चालतो? नवखा खेळाडू निष्णाताला कसा हरवतो?

गोल्फ म्हटले की हिरवळ, महागडे सदस्यत्व आणि बड्या साहेबांचा खेळ असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात स्वतःची एक गुंठाही जमीन नसलेले हौशी गोल्फ क्लब जगभर आहेत. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दुसऱ्याचे मैदान घ्यायचे, दिवसभर स्पर्धा खेळायची आणि संध्याकाळी एकत्र जेवून बक्षिसे वाटायची, असा त्यांचा शिरस्ता. बोईसर-तारापूरसारख्या औद्योगिक पट्ट्यातील हौशी मंडळींना हा प्रकार का जमण्याजोगा आहे आणि त्यात नेमकी मेख कुठे आहे, याविषयी.

मैदान नसलेला क्लब म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये अशा गटांना ‘गोल्फ सोसायटी’ म्हणतात. एखाद्या कंपनीतील सहकारी, एका गावचे किंवा एका महाविद्यालयाचे मित्र एकत्र येतात, वर्गणी काढतात आणि ठरलेल्या दिवशी मैदान आरक्षित करतात. मैदानाचे शुल्क, कॅडीचे मानधन, जेवण आणि बक्षिसे असा एकत्रित खर्च वाटून घेतला जातो.

बोईसरहून चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब किंवा सिडकोने विकसित केलेले खारघरचे मैदान गाठायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास आहे. रोज सरावाला जाणे अशक्य. म्हणूनच नेहमीच्या सदस्यत्वापेक्षा वर्षातून मोजके स्पर्धा-दिवस ठरवणे इथल्या हौशी खेळाडूला परवडू शकते.

जिल्ह्यातच मैदान का नको?

18 होलच्या मैदानाला साधारण 40 ते 70 हेक्टर जमीन लागते आणि हिरवळ टिकवायला बारमाही पाणी. पालघरमध्ये सूर्या प्रकल्पाच्या पाण्यावर शेतीचा हक्क आहे, वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसारख्या शहरांचीही त्यावर भिस्त आहे. काही मैदाने प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरतात, पण जमिनीचा प्रश्न उरतोच. मूठभर हौशी खेळाडूंसाठी नवे मैदान मागण्यापेक्षा असलेले मैदान दिवसापुरते वापरणे अधिक शहाणपणाचे.

स्पर्धेचा दिवस कसा असतो?

चौघांचा एक गट. वेळ वाचवण्यासाठी बहुतेकदा ‘शॉटगन स्टार्ट’ होतो, म्हणजे सगळे गट वेगवेगळ्या होलवर उभे राहतात आणि इशारा होताच एकाच वेळी खेळ सुरू करतात. 18 गट असतील तर 72 जण एकदम खेळतात आणि जवळपास एकदमच परततात. संध्याकाळच्या कार्यक्रमाचे गणित त्यावरच बसते, नाहीतर पहिला गट जेवून निघेपर्यंत शेवटचा गट मैदानातच असतो. एका फेरीला चार ते पाच तास लागतात. एका खेळाडूला जास्तीत जास्त 14 क्लब म्हणजे काठ्या बाळगता येतात. चेंडू हरवला तर शोधायला तीन मिनिटे मिळतात. 2019 पूर्वी ही मुदत पाच मिनिटांची होती.

हँडिकॅप म्हणजे काय?

हा या खेळाचा कणा. टेनिस क्रिकेटच्या गावठाणातील सामन्यात कच्च्या संघाला कुणी चाळीस धावा आधीच देत नाही. गोल्फमध्ये मात्र तसेच होते. खेळाडूच्या आजवरच्या कामगिरीवरून त्याला काही फटक्यांची सवलत मिळते. समजा, पार 72 चे मैदान आहे. हँडिकॅप 6 असलेल्या अनुभवी खेळाडूने 80 फटके घेतले, त्याची निव्वळ धावसंख्या 74. हँडिकॅप 24 असलेल्या नवख्याने 95 फटके घेतले, त्याची निव्वळ धावसंख्या 71. गोल्फमध्ये कमी फटकेवाला जिंकतो, त्यामुळे 15 फटके जास्त मारूनही नवखाच विजेता.

पूर्वी जगात हँडिकॅपच्या सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. 2020 पासून त्यांच्या जागी एकच जागतिक पद्धत आली. तिच्यात शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वोत्तम 8 फेऱ्यांची सरासरी धरतात. कमाल हँडिकॅप 54 आहे, तोही स्त्री-पुरुष दोघांना सारखाच. प्रत्येक मैदानाची आणि तिथल्या प्रत्येक ‘टी’ची काठिण्यपातळी स्वतंत्र मोजलेली असते. म्हणून पुढच्या टीवरून खेळणारी महिला आणि मागच्या टीवरून खेळणारा पुरुष एकाच गुणतक्त्यात येऊ शकतात.

गुण कसे मोजतात?

हौशी स्पर्धांत ‘स्टेबलफर्ड’ पद्धत लोकप्रिय आहे. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी ती रचली आणि 1932 मध्ये इंग्लंडच्या वॉलसी क्लबवर तिची स्पर्धा झाली. हँडिकॅपची सवलत वजा करून पार झाला तर 2 गुण, एक फटका कमी लागला तर 3, एक जास्त लागला तर 1 आणि दोन किंवा अधिक जास्त लागले तर शून्य. यात सर्वाधिक गुणांचा खेळाडू जिंकतो.

फायदा असा की, एका होलवर चेंडू पाण्यात गेला, फटके दहावर पोहोचले, तरी नुकसान त्या एका होलपुरतेच. खेळाडू चेंडू उचलतो आणि पुढे चालू लागतो. त्याचा दिवस वाया जात नाही आणि मागच्या गटाचा खोळंबाही होत नाही. 36 गुण म्हणजे खेळाडू आपल्या हँडिकॅपबरहुकूम खेळला. गुण बरोबरीत असतील तर शेवटचे नऊ, मग सहा, मग तीन होल पाहून निकाल लावतात.

पंच नसताना लबाडी कशी रोखतात?

खरी मेख इथे आहे. बहुतेक फेऱ्यांत पंच नसतोच. प्रत्येकाचे फटके गटातला दुसरा खेळाडू लिहितो आणि शेवटी दोघे सही करतात. एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी फटके लिहून सही केली तर खेळाडू बाद होतो. जास्त लिहिले तर तोच आकडा कायम राहतो. 1968 च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो डी व्हिसेन्झो यांच्या कार्डावर 17 व्या होलला 3 ऐवजी 4 लिहिले गेले. त्यांनी न तपासता सही केली आणि बरोबरीची संधी हुकली. बॉब गोल्बी विजेते ठरले.

हौशी क्लबात धोका उलटाही असतो. काही जण मुद्दाम खराब फेऱ्या नोंदवून हँडिकॅप फुगवतात आणि बक्षिसाच्या दिवशी भलतेच चमकतात. जागतिक पद्धतीत अपेक्षेपेक्षा 7 फटक्यांनी सरस फेरी आली तर हँडिकॅप एकाने, 10 किंवा अधिक फटक्यांनी सरस आली तर दोनाने खाली येतो. अनेक सोसायट्या विजेत्याचा हँडिकॅप पुढच्या स्पर्धेसाठी आपणहून कापतात. म्हणजे करंडकाबरोबर पुढच्या खेपेची अडचणही घरी न्यायची!

संध्याकाळचा कार्यक्रम कशासाठी?

कार्डे तपासणे, निकाल, सर्वांत लांब फटका आणि ध्वजाच्या सर्वांत जवळ चेंडू टाकणाऱ्याला बक्षीस, नवे हँडिकॅप जाहीर करणे, हे सगळे इथेच होते. दिवसभर एकमेकांवर ठेवलेल्या विश्वासाचा हिशेब सर्वांसमोर मांडला जातो. त्यामुळे ही नुसती मेजवानी नसते.

यात कॅडींना विसरून चालत नाही. हिरवळीचा उतार आणि वाऱ्याची दिशा तेच सांगतात. 1991 ची इंडियन ओपन जिंकणारे अली शेर दिल्लीच्या कॅडी कुटुंबातले. 2016 आणि 2017 मध्ये तीच स्पर्धा जिंकणारे एसएसपी चौरसिया हे कोलकात्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याचे पुत्र. मानधन आधी ठरवून त्याच दिवशी देणे, ही क्लबची पहिली जबाबदारी.

दुसरी जबाबदारी परतीच्या प्रवासाची. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून रात्री बोईसर गाठायचे असते. मोटार वाहन कायद्यानुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळले तर तो गुन्हा आहे. सामाईक बस ठरवणे किंवा बक्षीस समारंभ दुपारच्या जेवणाला घेणे, हे दोन सोपे पर्याय.

नवा गट सुरू करायचा तर काय हवे?

आठ-दहा जण, वर्षाचे चार दिवस आणि लेखी नियम. अधिकृत हँडिकॅप संलग्न क्लबमार्फतच मिळतो. तो नसेल तर गटाने पहिल्या तीन फेऱ्यांवरून स्वतःचा तात्पुरता हँडिकॅप ठरवावा. साहेब आणि शिफ्टमधला तंत्रज्ञ एकाच गटात खेळणार असतील तर कार्ड कोण लिहिणार, खर्च कसा वाटणार आणि हँडिकॅप किती कापणार, हे करंडक विकत घेण्याआधी ठरलेले बरे. नाहीतर साहेबांच्या कार्डावर किती फटके लिहायचे, हा पेच पहिल्याच होलवर पडेल.