आजार गेला, धास्ती उरली

ट्रान्सप्लांट होऊन आठ वर्षे झाली. रिपोर्ट चांगले आहेत, नोकरी सुरू आहे, मुलगी दहावीला आहे. तरीही तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. दात घासताना हिरडीतून रक्त आले किंवा दोन दिवस अंग दुखले, की मनात शंकेची पाल चुकचुकते, 'परत तर आला नसेल?' रक्ताच्या कॅन्सरसाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या अनेकांचा हा अनुभव असतो. सहसा ते तो कोणाला सांगत नाहीत. 'सगळं नॉर्मल आहे ना, मग कशाला नको ते विचार करतोस?' हे घरच्यांचे उत्तर त्यांना पाठ असते.

भारतात पहिले यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. त्या काळी रुग्ण वाचेल का, हाच मोठा प्रश्न होता. आज उपचारांनंतर दहा-वीस वर्षे जगणारे रुग्ण आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी प्रश्न बदलला आहे. आजार गेल्यावर त्याची धास्ती घेऊन जगायचे कसे?

ही धास्ती मनाचा कमकुवतपणा नाही. ट्रान्सप्लांटमध्ये औषधांचे जबर डोस देऊन, काही वेळा रेडिएशनही देऊन, रुग्णाची अस्थिमज्जा रिकामी करतात. मग भावाबहिणीच्या, दुसऱ्या दात्याच्या किंवा स्वतःच्याच आधी काढून ठेवलेल्या मूलपेशी सलाइनसारख्या शिरेतून देतात. त्या रुजेपर्यंत साधारण दोन-तीन आठवडे पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर असतात. बंद खोलीत रोज सकाळी रिपोर्टमधल्या एका आकड्याची वाट पाहायची. त्या दिवसांत साधा तापही खरोखर जिवावरचा असतो. शरीराकडे डोळ्यांत तेल घालून पाहण्याची सवय तिथे लागते. धोका ओसरतो, सवय मात्र राहते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तसेच हे.

पण एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. भीती किती वाटते आणि धोका किती आहे, ही दोन वेगळी मापे आहेत. दात्याच्या मूलपेशी घेऊन दोन वर्षे आजाराविना काढलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ट्रान्सप्लांटनंतर दहा वर्षांनीही हयात असण्याची त्यांची शक्यता सुमारे ८५ टक्के आढळली. ॲक्यूट ल्युकेमिया उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. पुढे दरवर्षी ती शक्यता कमी होत जाते. सगळ्यांचे गणित मात्र सारखे नसते. मायलोमामध्ये स्वतःच्या पेशींच्या ट्रान्सप्लांटनंतर आजार काही वर्षांनी पुन्हा डोके वर काढतो, हे गृहीत धरूनच उपचार आखतात. म्हणून शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे काय झाले यावरून आपला अंदाज बांधू नये. 'माझ्या आजारात, आजच्या घडीला, तो परत येण्याची शक्यता किती?' हे आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. तो तुमचा हक्क आहे.

ही धास्ती माणसाला दोन टोकांना नेते. काही जण दर आठ-पंधरा दिवसांनी गल्लीतल्या लॅबमध्ये सीबीसी करून घेतात. पांढऱ्या पेशी साध्या सर्दीनेही वाढतात, प्लेटलेटही थोड्याफार वरखाली होतात. प्रत्येक चढउतार म्हणजे कॅन्सर नव्हे. चांगल्या रिपोर्टचा दिलासा चार दिवस टिकतो, मग पुन्हा शंका, पुन्हा तपासणी.

दुसरे टोक जास्त घातक आहे. 'नकोच ते रुग्णालय' म्हणून काही जण येणेच बंद करतात. विदर्भ-मराठवाड्यातून मुंबईला यायचे, परळच्या त्याच रस्त्याने चालायचे, तोच वास, त्याच रांगा. मन माघार घेते, हे समजण्यासारखे आहे. पण वार्षिक तपासणी फक्त जुना आजार शोधण्यासाठी नसते. जड उपचारांचे परिणाम बऱ्याच वर्षांनी दिसू शकतात. मोतीबिंदू होतो, थायरॉइड मंदावते, हाडे ठिसूळ होतात, हृदयावर ताण येतो, तोंडाचा किंवा त्वचेचा नवा कॅन्सर होऊ शकतो. वेळेत सापडले तर यातल्या बहुतेकांवर चांगले उपचार आहेत. भीतीपोटी तपासणी टाळली, तर टाळता येण्याजोगे नुकसान होते.

मग करायचे काय? पहिले, डॉक्टरांकडून दोन याद्या लिहून घ्या. कोणत्या लक्षणांसाठी त्याच दिवशी यायचे, ती एक. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, न थांबणारा रक्तस्राव, कारण नसताना अंगावर उठणारे काळेनिळे डाग, दम लागणे, ही त्यात हवीतच. कोणत्या लक्षणांसाठी किती दिवस वाट पाहायची, ती दुसरी. कागद कपाटाच्या दारावर लावा. रात्री दोन वाजता शंका आली, की मोबाइलवर शोधत बसण्याऐवजी तो कागद वाचा.

दुसरे, मधल्या काळात मनाने तपासण्या करू नका आणि ठरलेली तपासणी चुकवू नका. शक्यतो रिपोर्ट मिळेल त्याच दिवशी डॉक्टरांची भेट ठरवा. हातातला न समजणारा रिपोर्ट घेऊन काढलेली रात्र फार मोठी असते.

तिसरे, विचार आला तर त्याच्याशी झटापट नको. 'हा भीतीचा विचार आहे, बातमी नव्हे' असे स्वतःला सांगून हातातल्या कामाकडे परत यावे. हे कौशल्य शिकता येते. ऑस्ट्रेलियात कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांना समुपदेशकांनी अशाच पद्धती काही बैठकांत शिकवल्या. त्यांची धास्ती कमी झाल्याचे २०१७ च्या अभ्यासात दिसले.

झोप, काम किंवा भूक काही आठवडे बिघडलेली असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. जिल्हा रुग्णालयांत ही सोय असते. सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

घरच्यांनी 'काही होत नाही' म्हणून विषय मिटवू नये. 'कसली भीती वाटते, सांग' एवढेच म्हणावे आणि ऐकून घ्यावे. मूलपेशी देणाऱ्या भावाबहिणीच्या मनातही तीच धास्ती असते. त्यांनाही विचारावे. आणि ओपीडीत डॉक्टरांनी रिपोर्ट ठीक असल्याचे सांगितले, की लगेच उठू नका. 'रिपोर्ट ठीक आहे, पण मला भीती वाटते,' हेही सांगा. त्या भेटीत तुमच्या भीतीवरही उपाय व्हायला हवा.