भोसले घराणे, तंजावरचे

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी (एकोजी) यांनी तमिळनाडूत स्थापलेली भोसले कुळाची शाखा. विजापूरचे सरदार असलेल्या व्यंकोजींनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले. त्यांच्यानंतर शहाजी (कार. १६८४–१७१२), सरफोजी (१७१२–२८) व तुकोजी (१७२८–३६) हे त्यांचे पुत्र क्रमाने गादीवर आले. पहिले दोघे निपुत्रिक असल्याने पुढील वंश तुकोजीचा चालला. वारसाकलहानंतर त्याचा अनौरस पुत्र प्रतापसिंह (१७३९–६३) व नंतर नातू तुळजाजी (१७६३–८७) राजे झाले. तुळजाजीने भोसले कुळातील दुसऱ्या सरफोजीस दत्तक घेतले; तथापि हे दत्तकविधान अवैध ठरविण्यात येऊन तुळजाजीचा सावत्र भाऊ अमरसिंह गादीवर बसला. जर्मन मिशनरी श्वार्ट्‌स याने दत्तकाची बाजू लावून धरली. अखेर १७९८ मध्ये इंग्रजांनी सरफोजीस गादीवर बसविले. पुढील वर्षी राज्यकारभार मात्र स्वतःकडे घेतला. १८०३ मध्ये सरफोजीने बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. या शाखेच्या वंशावळीचे ते एक प्रमुख साधन होय. परंतु ज्याच्या वारसाहक्काविषयी वाद झाला त्यानेच तो कोरविला असल्याने इतर साधनांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. सरफोजीचा पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना मरण पावला व इंग्रजांनी तंजावरचे राजपद संपुष्टात आणले.