टाच आधी, सुनावणी नंतर

सकाळी ७.५२. डोंबिवलीहून फास्ट. उभ्यानंच फोनवर फाइल वाचते. ईडीचा हंगामी जप्तीचा आदेश. परिशिष्टात बिल्डरचे न विकलेले म्हणून दाखवलेले फ्लॅट, त्यातला एक आमच्या अशिलानं कधीच घेतलेला.

१०.१५. फोर्टमधलं चेंबर. पोस्टातून निवृत्त झालेले काका माझ्याआधीच हजर. "मॅडम, दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणू या ना!" मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या (पीएमएलए) कलम ४१नं ती वाट बुजवली आहे, हे पुन्हा सांगते. ऑस्ट्रेलियात मनी लाँडरिंगविरोधी कायदा मोडणाऱ्यावर मनाई हवी, तर ऑस्ट्रॅक या नियामकाला फेडरल कोर्टाची पायरी चढावी लागते. आपल्याकडे कलम ५खाली अधिकाऱ्याच्या सहीनंच १८० दिवसांपर्यंत टाच लागते. त्या मुदतीत दिल्लीच्या न्यायनिर्णय प्राधिकरणानं ती कायम केली नाही तर सुटते. तोवर काकांनी घरात खुशाल राहावं, विकायचं मात्र नाही. त्यांना विकून गुहागरला जायचंय.

१२.००. प्राधिकरणापुढे व्हिडिओवर सुनावणी. पाऊण तास दुसऱ्यांची प्रकरणं ऐकली. आमचं दोन मिनिटांत आटोपलं: त्रयस्थ म्हणून बाजू मांडायला मुदत मिळाली. कलम ८(२) तेवढा हक्क देतं.

२.३०. खरं काम आता. करारनामा नोंदवलेलाच नाही, नुसतं अलॉटमेंट लेटर. म्हणून कागदोपत्री फ्लॅट अजून बिल्डरचा. चेक, गृहकर्जाचं मंजुरीपत्र, खातेउतारे असे तारखेनं लावत गेले. सगळं जुळलं आणि तळाशी एक चिठोरं निघालं: पार्किंगचे दोन लाख, रोख, बिल्डरच्या माणसाची सही. हे जोडायचं का? माझं मन नको म्हणत होतं. माझे सीनियर म्हणाले, "जोड. बिल्डरची डायरी त्यांच्याकडे असणारच. त्यांनी काढली तर चेकचे पैसेही संशयात जातील." पटलं. हा कायदा पैशाचा माग विचारतो. एक दुवा लपवला की बाकीचे आपोआप लटके पडतात.

५.३०. उत्तराचा मसुदा. टाच कायम झालीच तर अपिलाला ४५ दिवस, तेही टिपून ठेवलं. रोख रकमेच्या परिच्छेदाशी अडले. काकांना फोन लावला.

"काका, ते दोन लाख आणले कुठून?"

"हिचं सोनं मोडलं. सोनाराची पावती असेल कुठेतरी."

"कुणाच्या नावावर?"

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज. "सासूबाईंच्या. चालेल का?"

सासूबाईंचं प्रतिज्ञापत्र लागेल. वय विचारलं: सत्त्याऐंशी. म्हणजे नोटरीला उद्या घरीच न्यावं लागणार.