पंचमढीचें शिकारघर

आमच्या परंड्यास भुईकोट किल्ला आहे, तोफा आहेत. परंतु अरण्य म्हणावें असें कांहीं नाहीं. बाभळी व निंब यांच्या सावलींत वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस लांकडाच्या मुलखांतील एका घराचा इतिहास सांगावा, असें मनांत आलें.

सातपुड्यांत सुमारें ३५०० फूट उंचीवर पंचमढीचें पठार आहे. तेथील महादेवाच्या यात्रेस नागपूर-वऱ्हाडाकडील हजारों मराठी माणसें जातात. इ. स. १८१८ मध्यें इंग्रजांच्या कैदेंतून निसटलेले आप्पासाहेब भोसले याच डोंगरांत आश्रयास राहिले होते. तेव्हां हें स्थान आपणांस अगदींच परकें नव्हे.

इ. स. १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण झाला. पुढच्याच वर्षीं कॅप्टन जेम्स फॉर्सिथ या तरुण अधिकाऱ्यानें पंचमढीस जें घर बांधिलें, त्याचें नांव बायसन लॉज. बायसन म्हणजे येथें आपला गवा. खरा बायसन अमेरिकेंतील निराळाच प्राणी. पण शिकारी साहेबांनीं तें नांव गव्यास चिकटविलें, तें चिकटलेंच!

हें घर केवळ शिकारीचें नव्हतें. फॉर्सिथकडे रानाच्या पाहणीचें काम होतें. त्या काळीं लोहमार्गाचें काम जोरांत चाललें होतें आणि रुळांखालीं घालावयास साग व साल यांचे स्लीपर लागत. ठेकेदारांनीं रानें वाटेल तशीं तोडिलीं. पुष्कळ माल वाहून नेतांच आला नाहीं. तो जागींच कुजला किंवा वणव्यांत जळाला. ही नासाडी फॉर्सिथनें आपल्या ग्रंथांत नमूद केली आहे. तो ग्रंथ १८७१ मध्यें निघाला व त्याच वर्षीं ग्रंथकर्ता वारला. जवळचें बोरीचें रान मात्र १८६५ मध्येंच राखीव झालें होतें. देशांतील अगदीं आरंभीच्या राखीव वनांत त्याची गणना होते.

येथें एक गोष्ट बोलल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. रान राखलें हें उत्तम झालें, पण तें कोणापासून राखलें? कोरकू व गोंड लोक उतारावरील झाडझुडूप तोडून जाळीत आणि त्या राखेंत कोदो-कुटकी पेरीत. याच लोकांच्या मागोमाग हिंडून साहेब गव्याचा माग काढावयास शिकला. आणि राखीव रानाचा निर्बंध त्यांच्याच शेतीवर आला. ठेकेदार तोडून निघून गेला. जाब द्यावा लागला तो तेथें राहणाऱ्यास.

आतां त्या घरांत वनखात्याचें संग्रहालय आहे. भोंवतालचें अरण्य १९८१ पासून राष्ट्रीय उद्यान असून तेथें शिकारीस बंदी आहे. फॉर्सिथच्या काळीं त्या बाजूस बारशिंगे होते. मागाहून ते नाहींसे झाले. २०१५ मध्यें कान्ह्याच्या रानांतून बारशिंगे आणून सातपुड्यांत पुन्हां सोडण्यांत आले.