तारखेच्या कचाट्यात सापडलेला डॉन

‘डॉन २’ हा चित्रपट २३ डिसेंबर २०११ रोजी प्रदर्शित झाला आणि त्यावरचा अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर व्हिडिओ गेम दुकानात आला २०१३ मध्ये. हैदराबादच्या गेमशास्त्र या कंपनीने तो तयार केला होता आणि सोनीने तो प्लेस्टेशन २ व पीएसपीसाठी बाजारात आणला. तोवर चित्रपट थिएटरातून उतरून टीव्हीवरही जुना झाला होता. ज्या यंत्रावर गेम खेळायचा, त्याचीही सद्दी संपली होती. प्लेस्टेशन २ जपानमध्ये मार्च २००० मध्ये आला आणि त्याचे उत्पादन थांबल्याची बातमी जानेवारी २०१३ च्या पहिल्याच आठवड्यात आली. चंद्रा बारोट यांच्या १९७८ च्या चित्रपटापासून चालत आलेले आणि फरहान अख्तर यांनी २००६ मध्ये नव्याने उभे केलेले हे नाव. एवढ्या लोकप्रिय मालिकेचा गेम इतक्या आडवेळी यावा, याचे कारण तंत्रज्ञानापेक्षा कॅलेंडरमध्ये शोधावे लागते.

या जुन्या प्रकरणाची आठवण होण्याचे कारण ताजे आहे. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती जानेवारी २०२६ मध्ये रद्द केली. तिचे काम मुळात पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होते. महाराष्ट्रात मोठा अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर गेम तडीस का जात नाही, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा पुढे आला आहे.

चित्रपटावर गेम काढायचा तर आधी निर्मात्याकडून परवाना घ्यावा लागतो. हा करार बहुधा चित्रपटाची जाहिरात डोळ्यांसमोर ठेवून होतो, म्हणजे उशिरा होतो. पटकथा बदलत असते, वेशभूषा आणि सेटची छायाचित्रे तुकड्यातुकड्याने मिळतात, नायकाचा चेहरा वापरायचा तर प्रत्येक चित्राला मंजुरी लागते, आवाजासाठी त्याच्या तारखा लागतात. एवढे होऊनही प्रदर्शनाचा शुक्रवार हलत नाही. कन्सोलवरच्या मोठ्या गेमला तीन ते पाच वर्षे लागतात आणि हाती असतात जेमतेम काही महिने. मग जे सुटण्याजोगे असते ते सोडले जाते: शत्रूंच्या हालचालींतले वैविध्य, कॅमेऱ्याची शिस्त, पुन्हा पुन्हा खेळून केलेली चाचणी. खेळणाऱ्याला नेमके तेच जाणवते.

जगातले सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण १९८२ चे. अटारीच्या ‘ई.टी.’ गेमसाठी हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या प्रोग्रामरला सुमारे पाच आठवडे मिळाले, कारण माल नाताळापूर्वी दुकानात हवा होता. गेमची न खपलेली कार्ट्रिजेस अमेरिकेतल्या अ‍ॅलामोगॉर्डोच्या वाळवंटात पुरली गेली आणि २०१४ मध्ये ती खणून काढली, तेव्हा दंतकथा खरी निघाली. याच्या उलट ‘गोल्डनआय’. बाँडपट १९९५ चा, रेअर या ब्रिटिश कंपनीचा गेम १९९७ चा. जाहिरातीच्या हिशेबाने तो उशिराच आला, पण त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. उशीर ‘डॉन २’ला झाला तसा ‘गोल्डनआय’लाही झाला. पण ‘गोल्डनआय’चा तो वेळ गेम घडवण्यात गेला होता. ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) हा अपवाद चित्रपटासोबतच आला आणि तरीही गाजला. ट्रेयार्क या स्टुडिओने आधीच्या चित्रपटाचा गेमही केलेला असल्याने तिथे शून्यापासून सुरुवात नव्हती.

डॉनच्या बाबतीत तारखेहून अवघड असा आणखी एक पेच आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. डॉनपटांची सारी गंमत लपवाछपवीत आहे. २००६ च्या चित्रपटात पडद्यावरचा माणूस खरा कोण, हे शेवटी उलगडते. ‘डॉन २’ मध्ये बर्लिनच्या बँकेतून युरो छापण्याचे साचे पळवायचे आहेत आणि डॉनचा खरा डाव प्रेक्षकाला मागाहून कळतो. गेममध्ये कंट्रोलर हातात घेणारा स्वतःच डॉन असतो. स्वतःचाच डाव स्वतःपासून लपवायचा कसा? डाव आधी सांगितला तर धक्का गेला. न सांगता नुसती ‘इथे जा, याला मार’ अशी मिशने दिली तर डॉन हा डॉनचाच सांगकाम्या नोकर ठरला. यावर उपाय आहेत. डॉनच्या मागावर असलेल्या पोलीस अधिकारी रोमाच्या बाजूने खेळता येईल किंवा डाव आखण्याचे कामच खेळणाऱ्यावर सोपवता येईल. पण असे उपाय सुचायला आणि करून, मोडून पाहायला महिने लागतात. स्वीडनच्या मशीनगेम्सने डिसेंबर २०२४ मध्ये आणलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ कोणत्याही चित्रपटाच्या प्रदर्शनाला बांधलेला नव्हता. त्यात १९३७ सालातली, चित्रपटांत न आलेली कथा आहे. हॅरिसन फोर्डचा चेहरा आहे, पण चित्रपटाची घटनावार नक्कल नाही.

मुंबईत चित्रपटांवर गेम काढण्याच्या वाटेने गेलेल्यांत ट्राइन गेम्सचे नाव घ्यावे लागते. ‘रा.वन’चा प्लेस्टेशन गेम त्यांनी केला आणि तो ऑक्टोबर २०११ मध्ये, चित्रपटाच्या आधी, आला. ‘रा.वन’ची कथाच गेममधून बाहेर पडलेल्या खलनायकाची. त्यामुळे हा मेळ जमण्यासारखा होता. मात्र चित्रपटाची हवा ओसरली तसा गेमही विसरला गेला. रिलायन्स गेम्सने वेगळा मार्ग धरला. ‘रिअल स्टील’ या हॉलिवूडपटावरचा यंत्रमानवांच्या मुष्टियुद्धाचा मोबाइल गेम त्यांनी चित्रपट विस्मरणात गेल्यावरही वर्षानुवर्षे नवे यंत्रमानव घालून जिवंत ठेवला. तो अ‍ॅडव्हेंचर नाही, पण चित्रपटाची तारीख उलटली तरी गेम चालू शकतो हे त्याने दाखवून दिले. बाकी ‘धूम ३’सारख्या मोबाइल गेमचे काम जाहिरातीपुरतेच होते: न संपणारा रस्ता, भरधाव मोटरसायकल, ओळखीचे नाव.

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यापर्यंत व्हिडिओ गेम पोहोचला तो या मोबाइलवरूनच. तालुक्याचे ठिकाण असलेल्या पांढरकवड्याच्या बहुतेक घरांत कन्सोल कधी आलाच नाही. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि गेम पोरांच्या हाती आला. सिनेमाचे नाव चिकटवलेले पळापळीचे खेळ या पोरांना पटकन कंटाळवाणे होतात, हे कंपन्यांनी ओळखायला हवे होते. त्यांच्या शेजारी याहून कितीतरी सरस कथानक आहे. याच तालुक्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, रेडिओ कॉलर लावलेला ‘वॉकर’ हा वाघ २०१९ च्या जूनमध्ये बाहेर पडला आणि तेलंगणाच्या हद्दीतून फिरून काही महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. दिवसा लपायचे, रात्री चालायचे, शिकार शोधायची, शेते, रस्ते आणि वस्त्या माणसांच्या नजरेस न पडता ओलांडायच्या. अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचरला लागणारे सारे यात आहे आणि परवाना कुणाकडे मागायचा नाही.

स्थानिक मातीतून असा गेम घडू शकतो, हे पुण्यातच सिद्ध झाले आहे. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेंडो स्विचवर आला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, पहाडी लघुचित्रांचे रंग, राजस्थानी किल्ल्यांची वास्तुरचना. गेम लहान आहे आणि हाणामारी काही ठिकाणी अडखळते, तरी त्यातली प्रत्येक भिंत विचार करून उभी केलेली दिसते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची पहिली झलक आली. जगभरच्या चाहत्यांनी ग्राफिक्सवर टीका केली, जानेवारी २०२१ ची तारीख पुढे ढकलली गेली आणि २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे गेले. मूळ गेम २००३ मध्ये घडवणाऱ्या त्या स्टुडिओलाही ते पुरे करता आले नाही. तेव्हा खापर एकट्या पुण्या-मुंबईवर फोडणे अन्यायाचे आहे.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी ३,२६८ कोटी रुपयांच्या धोरणाला मंजुरी दिली. हा पैसा इमारती आणि उद्घाटनांत मुरण्याचा धोका खरा आहे. छोट्या स्टुडिओला सर्वाधिक गरज असते ती पहिल्या दोन वर्षांच्या पगाराची, जेव्हा विकण्याजोगे काहीच तयार नसते. ‘राजी’साठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी पुरेशी जमली नाही, तेव्हा हात दिला तो एपिक गेम्स या अमेरिकी कंपनीच्या अनुदानाने. राज्याच्या धोरणात तशीच टप्प्याटप्प्याची मदत असावी: आधी खेळून पाहता येईल असा नमुना, मग एक पूर्ण लेव्हल, मग अख्खा गेम. आणि प्रत्येक टप्प्याची मुदत चित्रपटाच्या शुक्रवारावरून ठरवू नये.